सावित्रीच्या परतीची नोंद

आश्विन उतरणीला लागला की कोंडुरले बंदराचा समुद्र मुद्रा बदलतो. भाद्रपदातला मातकट, गढूळ, कुरकुरा चेहरा पुसून तो नितळ होतो. नितळ होतो, निळा होतो, निळ्याचा जांभळा होतो, आणि माडांच्या झावळ्यांमागून सूर्य हातभर वर आला की घटकाभर असा हिरवागार होतो, जणू एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या खास शाईने त्याच्यावर सही केली आहे.

फेनधवल लाटा येतात, वाळूवर एक वक्र, रुपेरी ओळ लिहितात आणि मागे सरतात. दुसरी लाट येते, ती ओळ पुसते, आपली लिहिते. युगानुयुगे हा उद्योग चालला आहे. आजवर कुणी छापायला नेलेले नाही.

या बंदराच्या जेटीच्या टोकाला एक उंच, गंजकी, क्षारधूसर डोलकाठी उभी आहे. तिच्यावर वादळाचा बावटा चढतो. बावटा म्हणायचे, पण तो कापडाचा नव्हे. काळ्या रंगाच्या पोकळ आकृत्या असतात, आणि मुंबईहून जसा संदेश येईल तशी आकृती दोरीने वर चढवायची. तीन नंबर चढला की होड्यांनी बाहेर पडायचे नाही. समुद्र तेलासारखा पसरलेला असला तरी नाही. समुद्राला काय वाटते हे मुंबईने कधी विचारले नाही, आणि समुद्रानेही कधी कळवले नाही.

एकतीस वर्षे ती दोरी जनार्दन कुबल यांनी ओढली.

बुटका, सावळा, वाऱ्याने कपाळावर नांगर फिरवलेला माणूस. तळहात काथ्यासारखे, आवाज भरतीआधीच्या पाण्यासारखा, म्हणजे असून नसल्यासारखा. दोरी ओढायची, गाठ मारायची, कचेरीत येऊन नोंदवहीत नोंद करायची. नोंदवहीला रकाने चार: दिनांक, वारा, समुद्र, शेरा. पहिल्या तिघांत काय लिहायचे ते सरकारने ठरवून दिले होते. चौथ्यात काय लिहायचे ते ठरवायला सरकार विसरले, आणि त्या अंगठ्याएवढ्या विसराळूपणात कुबलांचे सारे आयुष्य मावले.

वारा: नैऋत्य. समुद्र: खवळलेला. शेरा: आज समुद्राने स्वतःचेही ऐकले नाही.

वारा: नाही. समुद्र: शांत. शेरा: इतका, की बगळा उतरताना आपल्याच सावलीला दचकला.

वारा: वायव्य. समुद्र: मध्यम. शेरा: क्षितिजावर एक शीड. ते जवळ येत आहे की मी वाट पाहत आहे, हे नक्की सांगता येत नाही.

महिन्याच्या अखेरीस बंदर निरीक्षक येत आणि शेऱ्याच्या रकान्यावरून तांबड्या शाईची सरळ, निर्विकार, कर्तव्यदक्ष रेघ ओढत. बाजूला लिहीत, ‘अनावश्यक’. एकतीस वर्षांत सहा निरीक्षक आले. पाचांनी ‘अनावश्यक’ लिहिले. सहाव्यांची बदली झाली, त्या शेवटच्या दिवशी त्यांनी लिहिले, ‘अनावश्यक, पण बरे आहे.’ कुबल हे आपले पहिले परीक्षण मानतात.

रेघ ओढली जाणार हे ठाऊक असल्यामुळे ते रोज संध्याकाळी घरी येऊन तो शेरा दुसऱ्या वहीत उतरवून ठेवत. दोनशेपानी, पुठ्ठ्याची वही. त्यांच्या पत्नी सुगंधाबाई चुलीपुढून विचारीत, “आज काय म्हणालो तुमचो समुद्र?” कुबल वाचून दाखवीत. त्या क्षणभर फुंकणी थांबवून ऐकत, आणि म्हणत, “बरा म्हणालो. आता जेवा, जेवान निवला.”

अशा एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. सेवानिवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, आणि आपले एक पुस्तक असावे अशी इच्छा झाली. पहिल्या दोन गोष्टी सर्वांनाच मिळतात.

*

वेचून, निवडून, धुऊन, वाळवून कुबलांनी त्या वह्यांतून तीनशे चाळीस शेरे काढले. सुवाच्य अक्षरात उतरवले. हस्तलिखिताला नाव दिले, ‘शेरा’. आणि ते खाकी वेष्टनात, तीनपदरी दोऱ्यात, कोळ्याच्या गाठीत बांधून एका प्रकाशकाकडे पाठवले.

ते परत आले. दुसऱ्याकडे पाठवले, तेही आले. एकाने लिहिले, ‘आमच्या योजनेत बसत नाही.’ एकाने विचारले, ‘ही कविता आहे की हवामान?’ एकाने शैलीचे मनापासून कौतुक करून कादंबरी लिहिण्याचा सल्ला दिला, शक्यतो शहरातली. प्रत्येक पत्राखाली एकच शिक्का, ‘साभार परत’.

परत येण्याचे कुबलांना नवल नव्हते. समुद्रही सारे परत करतो. नारळ, चपला, तुटकी वल्ही, विसर्जित देवांचे पाट. मात्र समुद्र निदान धुऊन देतो. प्रकाशकांनी पानांवर चहाचे कप ठेवलेले असत.

माघ आला. पहाटेचे धुके खाडीवर निजून राहिले, दुधाळ, दवभारले, दिङ्मूढ. फाल्गुन आला. आंब्याचा मोहोर इतका दरवळला की खारट वाऱ्यालाही गोड बोलण्याची सवय लागली. वैशाख आला. वाळू तापली, आकाश पांढरे पडले, जाळी किनाऱ्यावर कोळ्याच्या घरातल्या पाहुण्यांसारखी पसरून पडली. आणि असे सहा माघ, सहा फाल्गुन, सहा वैशाख गेल्यावर सातव्या वर्षी कोल्हापूरच्या एका बोळातून पोस्टकार्ड आले.

‘आपले हस्तलिखित पसंत आहे. भेटावे. श्रीरंग नार्वेकर, मंदार प्रकाशन.’

कुबल एस.टी.ने गेले. घाट चढताना कानांत दडे बसले, समुद्राचा आवाज प्रथमच बंद झाला, आणि एवढ्या शांततेत माणसे कशी जगतात याचे त्यांना कुतूहल वाटले.

नार्वेकर गोरेपान, गोलमटोल, कपाळावर चष्मा ठेवून तोच शोधणारे गृहस्थ. ते हस्तलिखित वाचत नसत. हातात घेऊन तोलत. तीस वर्षांच्या व्यासंगाने त्यांना नुसत्या वजनावरून पाने सांगता येत. “आतले काम मी सुरू करतो,” ते म्हणाले. “पण कुबल, तुम्हाला कोण ओळखतं? प्रस्तावना हवी. प्रस्तावनेशिवाय पहिलं पुस्तक म्हणजे करवल्या नसलेली नवरी. डॉक्टर निफाडकरांची आणू. त्यांची आली की पुस्तक आलंच समजा.”

*

डॉ. यशोधन निफाडकर पुण्याचे. शुभ्रकेश, तेजस्वी, गंभीरगर्जन. मराठीत त्यांच्या नावावर तीन ग्रंथ होते: त्यांच्या निवडक प्रस्तावनांचा पहिला खंड, दुसरा खंड आणि तिसरा खंड. तिन्ही खंडांना प्रस्तावना त्यांचीच होती.

हस्तलिखितांचा ओघ मोठा, आयुष्य छोटे. म्हणून डॉक्टरांनी वाचनाची एक पद्धत बसवली होती. ते दर दहावे पान वाचत. वैद्य नाडी पाहतो, सारे रक्त काढून पाहत नाही, असे ते सांगत.

वाट पाहणे हा कुबलांचा पिढीजात व्यवसाय. आज्याने वाऱ्याची वाट पाहिली, बापाने मासळीची पाहिली, कुबलांनी मुंबईच्या तारेची पाहिली. आता प्रस्तावनेची पाहू लागले. रोज सकाळी पडवीत बसत. पोस्टमन बांधावरून येई, सायकलीची घंटा वाजे, घंटा जवळ येई, घंटा लांब जाई. सुगंधाबाई आतून म्हणत, “इलो?” कुबल म्हणत, “गेलो.”

नार्वेकरांनी मात्र शब्द पाळला. पुस्तकाचे आतले फर्मे छापून घेतले. सोळा पानांचा एक फर्मा, असे दहा. राहिला फक्त सुरुवातीचा: चार पाने नाव, पत्ता, अर्पणपत्रिका आणि तिची पाठ यांची, आणि पुढची बारा डॉक्टरांसाठी. ओसरीवरच्या आरामखुर्चीसारखी ती बारा पाने मोकळी ठेवली होती.

दीड वर्षाने, मार्गशीर्षातल्या एका काचेसारख्या सकाळी, घंटा जवळ आली आणि लांब गेली नाही.

प्रस्तावनेला शीर्षक होते, ‘जलसमाधीचे सौंदर्यशास्त्र’. पडवीतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या उन्हात कुबल वाचू लागले. पहिल्या पानावर ‘सागरतीरावरील उपेक्षित प्रतिभा’ हे शब्द आले. उपेक्षित कोण हे समजायला त्यांना दोनदा वाचावे लागले, आणि समजल्यावर त्यांनी उगाचच धोतराची निरी सारखी केली. दुसऱ्या पानावर डॉक्टरांचे बालपण होते. तिसऱ्यावरही तेच होते. चौथ्या पानावर मजकूर पुस्तकाकडे वळला.

‘“सावित्री” ही सात खलाशांची होडी समुद्रात बुडाली, हा या ग्रंथाचा शोकगर्भ केंद्रबिंदू होय. ती परत येत नाही. ती परत येणार नाही. या सात जिवांच्या जलसमाधीवरच कुबलांच्या साऱ्या शब्दसृष्टीचा शुभ्र, विदीर्ण डोलारा उभा आहे.’

तिथून बाराव्या पानापर्यंत सावित्री बुडतच होती. अलंकारांनी, उपमांनी, तीन संस्कृत श्लोकांनी आणि एका जर्मन तत्त्वज्ञाने मिळून तिला पुनःपुन्हा तळाशी नेले होते.

कुबलांनी चष्मा काढला, पुसला, घातला. सावित्री तशीच बुडालेली होती.

आत जाऊन त्यांनी आपल्या हस्तलिखिताची स्थळप्रत काढली. सत्तरावे पान.

समुद्र: खवळलेला. शेरा: सावित्री परत आली नाही.

समुद्र: खवळलेला. शेरा: सावित्री नाही. सात घरांत चूल नाही.

समुद्र: मध्यम. शेरा: सावित्री नाही. आज मी समुद्राचा रंग पाहिला नाही.

सत्तरावे पान इथे संपत होते. दहाव्याच्या हिशेबाने डॉक्टर पुढे थेट ऐंशीव्या पानावर उतरले असणार. कुबलांनी पान उलटले. एकाहत्तर.

वारा: वायव्य. समुद्र: शांत. शेरा: सावित्री परत आली. सातही जण. बाबीने विडी मागितली.

*

हा बाबी म्हणजे बाबी तांडेल. सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या मार्गशीर्षात तो सावित्रीचा तांडेल होता, सुकाणू त्याच्या हातात होते, आणि आजही तो जेटीच्या पायरीवर बसून जाळे विणत होता, अगदी जिवंत, एक डोळा अधू, उरलेला दुप्पट मिस्कील. कुबलांचा तो शाळेपासूनचा सोबती. दोघे मिळून चौथी नापास झाले होते.

कुबलांनी त्याला चौथे पान वाचून दाखवले. बाबीची सुई जाळ्यात थांबली.

“मगे माका कोणी बुडयल्यान म्हणतंस?”

“पुण्याच्या डॉक्टरान.”

“बरो डॉक्टर. हडेचे डॉक्टर निदान तपासून मारतत.” बाबीने धागा दातांनी तोडला. “आणि बाकीचे सव जण?”

“तेय बुडले.”

“गजानन तर आत्ताच हयसून बाजारात गेलो. तेका सांगूक होया, परत येताना जपान ये, तू मेलंस म्हणान.”

कुबल हसले नाहीत. संध्याकाळी बंदर कचेरीतून त्यांनी नार्वेकरांना फोन लावला. नार्वेकरांनी पुण्याला लावला. दोन दिवसांनी नार्वेकरांचा उलट फोन आला. आवाज गुळचट, गोलगोल, गादीसारखा.

“कुबल, डॉक्टरांशी बोललो. चूक झाली हे ते मान्य करतात.”

“मग बदलतात ना?”

“नाही. त्यांचं म्हणणं, चूक तुमची झाली. कलाकृतीच्या दृष्टीने होडी बुडायला हवी होती. परत आल्यामुळे शोकाची धार बोथट होते. एकाहत्तर पानावरची ती एक नोंद तेवढी काढा, म्हणजे प्रस्तावना जशीच्या तशी लागते.”

“पण ती आली होती.”

“आली असेल हो! येऊ दे ना! पुस्तकात नको, एवढंच. एक नोंद, कुबल. तीनशे चाळीसपैकी एक. तेवढं पान मी नवीन छापून चिकटवतो. माझ्याकडे मुखपृष्ठ तयार आहे, त्यावर डॉक्टरांचं नाव तुमच्यापेक्षा ठळक आहे. प्रस्तावना नसेल तर मी पुस्तक काढू शकत नाही, हे स्पष्ट सांगतो. आठवड्यात कळवा.”

*

आठवडाभर कोंडुरल्याचा समुद्र नुसता पडून होता. राखाडी, रेशमी, रिकामा. वारा येई आणि काय करायचे ते न सुचून परत जाई.

कुबलांनी एकाहत्तरावे पान पुढ्यात घेतले. शेजारी सुगंधाबाईंनी वाणसामानाच्या यादीसाठी ठेवलेले तांबडे बॉलपेन होते. फक्त एक रेघ. सरळ, निर्विकार, कर्तव्यदक्ष. सहा निरीक्षकांनी त्यांच्या डोळ्यांदेखत ती शेकडो वेळा ओढली होती. कशी ओढायची हे त्यांच्याइतके कुणाला माहीत?

वय अडुसष्ट. दुसरे सात माघ, सात फाल्गुन, सात वैशाख गाठीशी असतील असे नाडीही सांगत नव्हती आणि नार्वेकरही. रेघ ओढली की पुस्तक. काळ्या अक्षरांचे, शिवलेल्या पाठीचे, कोऱ्या कागदाच्या कोवळ्या वासाचे. फळीवर उभे राहणारे. आपण गेल्यावरही उभे राहणारे.

पेन उघडले. पेन मिटले. सुगंधाबाईंनी दारातून एकदा पेनाकडे आणि एकदा पानाकडे पाहिले. “त्या पेनान यादी लिवची आसा,” एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

सहाव्या दिवशी, उन्हे कलताना, ते बाबीकडे गेले. डोलकाठीची सावली लांबच लांब होऊन जेटीवरून उतरली होती आणि पाण्यात वाकडी झाली होती. कुबलांनी सगळे सांगितले. रेघ, फर्मे, चिकटवलेले पान. बाबीने हातातली गाठ पुरी केली.

“काढ मगे,” तो म्हणाला.

“काय?”

“तां पान. काढ. माका काय? एकदा बुडान इलंय, परत एकदा बुडूक माका जड नाय. तुजा पुस्तक येवंदे.” आणि मग, एक डोळा बारीक करून, “फकत ती विडी रव्हांदे रे जनू. बुडतानाय मागलंय आसतंय मी.”



त्या दिवशीची पहाट कुबलांना आठवली. सव्वीस वर्षांपूर्वीची. तीन नंबरचा बावटा अजून काठीवर होता, उतरवण्याचा संदेश आला नव्हता, आणि क्षितिजावर, राखेतून निखारा दिसावा तसे एक फाटके, तपकिरी, तिरपे शीड दिसले. ते जवळ येत होते की आपण वाट पाहत होतो, हे नक्की सांगता येत नव्हते. मग सांगता आले. किनाऱ्यावर बायका धावल्या. सात जणांपैकी सहा रडत उतरले. सातवा उतरला आणि म्हणाला, “जनू, विडी आसा?” कुबलांनी ओढलेल्या तीन काड्या वाऱ्याने विझल्या. आणि चौथी पेटल्यावर ते कचेरीत जाऊन, मुंबईला काही न विचारता, आयुष्यातला सर्वांत मोठ्या अक्षरातला शेरा लिहून आले होते. रकान्याबाहेर गेला होता तो. त्यावर महिन्याअखेरीस तांबडी रेघ पडली. पण रेघेखालून अक्षरे वाचता येत होती.

एकतीस वर्षे मुंबईने सांगितलेला बावटा त्यांनी चढवला. शांत समुद्रावर वादळाचा चढवला, वादळी समुद्रावर काहीच चढवले नाही. ती नोकरी होती. शेऱ्याच्या रकान्यात तेवढे त्यांनी स्वतः पाहिले तेच लिहिले होते.

“नाय,” कुबल म्हणाले.

“काय नाय?”

“तू नाय बुडणार.”

“बघ हां,” बाबी म्हणाला, “मी माजा काम केलंय.” आणि अधू डोळा पुसला. त्या डोळ्यातून तसेही सदा पाणी येई.

घरी येऊन कुबलांनी पुण्याला पोस्टकार्ड लिहिले. आयुष्यभर एकाच पद्धतीने लिहिल्यामुळे दुसरी येत नव्हती.

‘दिनांक: पौष शुद्ध तृतीया. वारा: उत्तर. समुद्र: शांत. शेरा: सावित्री परत आलेली आहे. बदल करता येत नाही. आपला नम्र, ज. कुबल.’

*

डॉ. निफाडकरांनी प्रस्तावना मागे घेतली. ती त्यांच्या खंड चौथ्यात आहे. सावित्री तिथे अजूनही बुडते.

नार्वेकर फोनवर रागावले. गादीतून कापूस बाहेर आला. मग दहा फर्म्यांचे ते छापील गठ्ठे रद्दीत देण्यासाठी त्यांनी माणूस बोलावला आणि माणूस यायला उशीर झाला. दुपारची वेळ, बोळातले पिवळे, पेंगुळलेले ऊन, समोर दुसरे काही नाही. तेव्हा तीस वर्षांत प्रथमच श्रीरंग नार्वेकरांनी आपण छापलेले पुस्तक सहज उघडले. चष्मा कपाळावरून नाकावर उतरला.

ते पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेले. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. या क्रमाने पुस्तक वाचता येते, याची त्यांना मौज वाटली असावी. रद्दीवाला आला, बसला, चहा घेतला, परत गेला. ऊन भिंतीवर चढले.

कोंडुरल्याच्या बंदर कचेरीत फोन वाजला तेव्हा तिन्हीसांजा होत होत्या. कुबलांना निरोप गेला. ते आले, फोन कानाला लावला. पलीकडे नार्वेकर होते.

“कुबल.”

“बोला.”

“आली हो सावित्री.”

“होय,” कुबल म्हणाले. “तेच सांगत होतो.”

“सातही जण?”

“सातही.”

नार्वेकरांनी नाक शिंकरले. “ठाऊक असूनही मला मेल्याला वाटलं, गेली,” ते म्हणाले. आणि मग आवाजाची गादी पुन्हा झटकून, “पहिल्या फर्म्यातली बारा पानं मोकळी राहतात. आमच्या पुस्तकांची यादी टाकू?”

“नको.”

“मग काय टाकू?”

“काही नको,” कुबल म्हणाले. “रकाना मोकळा असू दे.”

*

पुस्तक फाल्गुनात आले. आंबे मोहरले होते, खारट वाऱ्याला गोड बोलण्याची सवय परतली होती. एस.टी.च्या टपावरून गठ्ठा उतरला, बैलगाडीतून बंदरावर आला, आणि प्रमुख पाहुणे कुणीच नसल्यामुळे बाबी तांडेलाने जाळ्याच्या सुरीने सुतळी कापून प्रकाशन केले. गजानन बाजारातून परत येताना जपून आला होता, तोही होता. सावित्रीवरचे आणखी तिघे होते. उरलेले दोघे मधल्या काळात आपापल्या अंथरुणात, वयाने, कुठल्याही अलंकाराविना वारले होते.

मुखपृष्ठ समुद्रनिळे. त्यावर कुबलांचे नाव बारीक, आणि त्याखाली, जिथे डॉक्टरांचे नाव ठळक होते तिथे, चिकटवलेली एक काळी पट्टी. दुरून ती क्षितिजरेषेसारखी दिसे. आत नाव, पत्ता, आणि अर्पणपत्रिका: ‘शेऱ्याच्या रकान्यास’. मग बारा पाने कोरी. शुभ्र, स्निग्ध, निःशब्द. पुढे एका रविवारच्या पुरवणीत कुणी या बारा पानांना ‘मराठी साहित्यातील सर्वांत प्रगल्भ मौन’ म्हटले, आणि ते पूर्णपणे वाचल्याचाही दावा केला.

सुगंधाबाईंनी पुस्तक हातात घेतले, पदराने पुसले, वास घेतला. “बरा आसा,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन देवापुढे ठेवण्याऐवजी चुलीजवळच्या फळीवर ठेवले, जिथे रोज हात जातो तिथे.

बाबीने आपली प्रत उघडली. एक पान उलटले, दुसरे उलटले. कोरे, कोरे, कोरे.

“जनू, हे कित्याक रे रिकामे?”

“हयसर तू बुडणार होतंस.”

बाबीने बाराही पाने एकेक करून बोटाने चाचपली, घराच्या भिंती चाचपाव्यात तशी. मग पहिल्या कोऱ्या पानावर येऊन पुस्तक कुबलांपुढे धरले. “मगे लिव कायतरी. एवडी जागा माजी आसा तर.”

कुबलांनी खिशातून पेन काढले. निळे. पुस्तक मांडीवर घेतले आणि त्या शुभ्र पानावर हाताने तीन उभ्या रेघा मारल्या. रकाने झाले चार. पहिल्यात तिथी लिहिली. मग मान वर करून त्यांनी पाहिले.

डोलकाठी मोकळी होती. ऊन तिरपे, मधाळ, मंद झाले होते. मोहोराचा वास पाण्यापर्यंत जात होता. बाहेर गेलेल्या होड्या एकामागून एक परतत होत्या, काळ्या, कुशीत वारा घेतलेल्या, आणि किनाऱ्यावर कुणीतरी त्या मोजायचेही विसरले होते, इतक्या त्या सगळ्या येत होत्या.

वारा: वायव्य, त्यांनी लिहिले. समुद्र: शांत.

मग चौथ्या रकान्यात लिहिले:

शेरा: सगळे परत आले.

शाई वाळेपर्यंत कुबलांनी पान उघडे ठेवले. पायरीखाली एक लाट आली, तिने वाळूवर आपली वक्र, रुपेरी ओळ लिहिली आणि मागे सरली. ओळ उन्हात चमकत राहिली. दुसरी लाट यायला अजून थोडा वेळ होता.